कलागुरू नंदलाल बोस

देवळीहून वर्धा सुमारे अठरा किलोमीटर, आणि वर्ध्याहून पूर्वेस आणखी आठ किलोमीटर गेले की सेवाग्राम लागते. काळ्या मातीचा आणि कपाशीचा हा मुलूख. सेवाग्रामचे नाव १९४० पर्यंत सेगाव असे होते. १९३६ च्या एप्रिलअखेर महात्मा गांधी या लहानशा खेड्यात राहावयास आले, आणि तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून नाना प्रकारची माणसे वर्ध्याची वाट धरू लागली. कोणी राजकारणी असत, कोणी शिक्षक, कोणी चरख्याचे आणि तेलघाण्याचे जाणकार. त्याच वर्षी गांधीजींच्या बोलावण्यावरून बंगालमधून एक चित्रकार आले. त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती, आणि चित्रकलेत त्यांचे नाव देशभर झालेले होते. तरीही मनात मोठा संकोच घेऊन ते आले होते. कारण त्यांना जे काम सांगितले जाणार होते, ते त्यांनी जन्मात कधी केले नव्हते. या चित्रकाराचे नाव नंदलाल बोस.

ते काम कोणते आणि ते कसे पार पडले, हे कळण्यासाठी आधी नंदलालांच्या बालपणाकडे वळले पाहिजे.

नंदलालांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातील खडगपूर येथे झाला. घराणे बंगाली, परंतु वडील पूर्णचंद्र हे दरभंगा संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब बिहारमध्ये राहत असे. आई क्षेत्रमणिदेवी यांच्या हातात उपजत कसब होते. मुलांसाठी त्या घरच्या घरी खेळणी आणि बाहुल्या करीत. पाहता पाहता आपल्या आईच्या हातून एक वस्तू आकारास येते, हे नवल नंदलालांनी अगदी लहानपणी पाहिले. पुढे थोड्याच वर्षांत आई वारली. परंतु तिच्या हातचे ते नवल मुलाच्या मनातून गेले नाही.

गावात कुंभार होते. दुर्गापूजेचे दिवस जवळ आले की ते मूर्ती घडवू लागत. आधी काटक्यांचा सांगाडा, त्यावर पेंढा, पेंढ्यावर चिखलाचे थर, मग रंग आणि सर्वांत शेवटी डोळे. लहानगा नंदलाल तासन्‌तास तेथे उभा राही, आणि घरी येऊन आपल्या परीने माती कालवी. विदर्भातील मुलांना यात परके असे काही वाटणार नाही. तान्हा पोळा जवळ आला म्हणजे सुताराच्या दारात लाकडी नंदी घडताना पाहण्यासाठी मुले अशीच गर्दी करतात. कोणाच्या मनात ते पाहणे दुसऱ्या दिवशी विरून जाते, कोणाच्या मनात घर करून राहते. नंदलालांच्या मनात ते राहिले.

सोळाव्या वर्षी, १८९८ साली, पुढील शिक्षणासाठी ते कलकत्त्यास आले. येथून काही वर्षे त्यांच्या आयुष्यात अपयशाची गेली. प्रवेश परीक्षा ते विसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले. परंतु महाविद्यालयात त्यांचे पाऊल पुढे पडेना. शिक्षक शिकवीत असत आणि नंदलाल वहीच्या समासात चित्रे काढीत असत. परीक्षेत नापास झाले, महाविद्यालय बदलले, तरी निकाल बदलला नाही. शेवटी वाणिज्य शाखेत नाव घातले, तेथेही मन रमेना. एव्हाना त्यांचे लग्न झाले होते. सुधीरादेवी या त्यांच्या पत्नी. लग्न झालेला तरुण, पदवी नाही, नोकरी नाही, आणि म्हणतो की मला चित्रकार व्हायचे आहे! त्या काळी अशा तरुणाविषयी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

१९०५ साली नंदलाल आपली चित्रे घेऊन कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत गेले. तेथे अवनींद्रनाथ ठाकूर शिकवीत असत. ते रवींद्रनाथ ठाकूरांचे पुतणे. त्यांनी या मुलाचा हात पारखला आणि त्याला आपल्या वर्गात घेतले. हॅवेल नावाचे इंग्रज गृहस्थ त्या वेळी शाळेचे प्रमुख होते. त्या काळी हिंदुस्थानातील कलाशाळांत युरोपातील पुतळ्यांचे साचे समोर ठेवून चित्रे काढण्याची रीत होती. हॅवेल आणि अवनींद्रनाथ यांचे मत निराळे होते. हिंदी मुलांनी राजपूत आणि मोगल चित्रे, मंदिरांतील शिल्पे आणि लेण्यांतील भिंती आधी पाहाव्यात, असे ते म्हणत. नंदलालांना आपले गुरू मिळाले.

या गुरुशिष्यांची एक गोष्ट अवनींद्रनाथांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. नंदलालांनी एक चित्र काढले होते. शंकराच्या प्राप्तीसाठी उमा तप करीत आहे, असा त्याचा विषय. चित्रात रंग फार थोडे होते. अवनींद्रनाथांनी ते पाहिले आणि सुचवले की, हे फारच सुने दिसते, उमेला थोडे सजवावे, थोडा रंग द्यावा. शिष्याने मान डोलावली व चित्र घेऊन तो घरी गेला. इकडे गुरूंना रात्रभर झोप येईना. तप करणाऱ्या उमेने अलंकार कशासाठी ल्यावेत? जिने सर्व सोडले तिच्या अंगावर रंग चढवावयास आपण कसे सांगितले? पहाट होताच ते उठले आणि थेट नंदलालांच्या घरी धावले. नंदलाल चित्र पुढे घेऊन, कुंचला हाती धरून बसलेच होते. गुरूंनी त्यांना थांबवले. आणखी थोडा उशीर झाला असता तर ते चित्र गेले असते.

शिष्याला सल्ला देणारे गुरू पुष्कळ असतात. दिलेला सल्ला परत घेण्यासाठी भल्या पहाटे शिष्याच्या दारी जाणारे गुरू विरळा. पुढे नंदलाल स्वतः शिक्षक झाले तेव्हा विद्यार्थ्याच्या चित्रावर आपला हात चालवताना ते फार जपून वागत, त्याचे मूळ या सकाळी असावे.

कलाशाळेत असतानाच नंदलालांच्या ‘शिव-सती’ या चित्राला ५०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. घरात पैशांची चणचण होती. तरी त्यांनी त्यातून प्रवास केला. पाटणा, गया, काशी, आग्रा, दिल्ली, मथुरा अशी ठिकाणे पाहिली, आणि पुढे दक्षिणेतील मंदिरेही पाहिली. या पैशांचा याहून चांगला उपयोग त्यांना करता आला नसता.

पण त्यांच्या हाताला खरे वळण लागले ते आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्यास. १९०९ च्या अखेरीस लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या होत्या. भगिनी निवेदितांच्या आग्रहामुळे अवनींद्रनाथांनी आपले शिष्य त्यांच्या मदतीस पाठवले, आणि त्यांत नंदलाल होते. लेणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. कलावंतांचा मुक्काम फर्दापूरजवळ असे. रोज तेथून दरीत यायचे, अंधाऱ्या लेण्यांत शिरायचे, शिडीवर चढून भिंतीशी डोळे लावायचे, आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या चितारी लोकांची एकेक रेघ कागदावर उतरवायची.

हे काम दिसावयास कंटाळवाणे. दुसऱ्याने काढलेले चित्र पुन्हा काढण्यात कसली आली आहे प्रतिभा, असे कोणालाही वाटेल. परंतु नंदलाल त्या भिंतींपाशी पुन्हा एकदा खडगपूरच्या कुंभारवाड्यातला मुलगा झाले. अजिंठ्याची भिंत कशी तयार केली आहे, हे त्यांनी पाहिले. खडबडीत दगडावर आधी माती, भुसा आणि गवताचे तंतू कालवून लेप दिला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आहे. मग गेरूने आकृतीची बाह्यरेषा, आणि त्यानंतर रंग. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरव्या खनिजाचा हिरवा, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा. एक निळा रंग सोडला, तर बहुतेक रंग पायाखालच्या मातीतून आणि दगडांतून मिळालेले. एवढ्या सामग्रीवर त्या अनाम चिताऱ्यांनी हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व उभा केला. त्याच्या भुवईची एक वाकलेली रेघ पाहिली म्हणजे त्याच्या मनातील करुणा कळते. त्याच भिंतींवर हत्ती आहेत, माकडे आहेत, भांडी घेऊन जाणाऱ्या दासी आहेत, रस्त्यावरची माणसे आहेत. नंदलाल काही महिने त्या रेघांच्या सहवासात राहिले. त्यानंतर त्यांच्या कुंचल्यातली रेघ कधी लुळी पडली नाही, असे जाणकार मानतात.

अजिंठ्याहून परतल्यावर नंदलाल अजिंठ्यासारखीच चित्रे काढीत राहिले असते, तर एक निष्णात अनुकरण करणारा यापलीकडे त्यांची ओळख उरली नसती. येथे त्यांना आणखी एका माणसाच्या बोलण्याचा उपयोग झाला. ओकाकुरा नावाचे एक जपानी कलापंडित त्या काळी हिंदुस्थानात येऊन गेले. कलावंताला काय काय लागते, हे समजावून देण्यासाठी त्यांनी आगकाडीच्या तीन काड्या घेऊन एक त्रिकोण मांडून दाखवला. एक काडी म्हणजे निसर्ग, दुसरी म्हणजे परंपरा, तिसरी म्हणजे कलावंताचे स्वतःचे नवे असे काही. यांतली कोणतीही एक काढली की त्रिकोण राहत नाही. ज्याने झाड नीट पाहिलेच नाही, त्याचे झाड खोटे वाटते. ज्याला आपल्या आधीच्या चिताऱ्यांची ओळख नाही, त्याचा हात कच्चा राहतो. आणि या दोन्ही गोष्टी असून ज्याच्यापाशी स्वतःचे काही नाही, त्याचे चित्र निर्जीव होते. नंदलालांनी ही तीन काड्यांची गोष्ट मनात जपून ठेवली व पुढे आपल्या शिष्यांनाही सांगितली.

परंपरेची काडी त्यांना अजिंठ्यास मिळाली होती. निसर्गाची काडी मिळाली ती शांतिनिकेतनात. रवींद्रनाथांनी तेथे १९१९ साली कलाभवन सुरू केले, आणि १९२२ पासून त्याची सूत्रे नंदलालांकडे आली. १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती सांभाळली. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत. आपण गुरुजी म्हणतो, तसेच ते.

शांतिनिकेतनचा परिसर काही डोळ्यांत भरण्याजोगा नव्हे. लाल, मुरमाड जमीन. पावसाने खणलेल्या घळी. अधूनमधून ताडाची झाडे. जवळपास संथाळ लोकांच्या वस्त्या. कलकत्त्याच्या मनुष्यास तो भाग रुक्षच वाटावा. नंदलालांनी मात्र त्या माळावर पाहण्याजोगे इतके शोधले की आयुष्य पुरले नाही. त्यांच्या खिशात नेहमी कोरी कार्डे असत. वाटेत बकरी दिसली, कार्ड काढले, चार रेघांत बकरी उभी केली. बाजारास निघालेली संथाळ स्त्री, वाऱ्याने वाकलेला ताड, रुसून बसलेले मूल, काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. प्रवासात असले म्हणजे अशीच चित्रे काढून ते आपल्या विद्यार्थ्यांना आणि घरच्या मंडळींना टपालाने पाठवीत. आज ज्याला ज्याला असे एखादे कार्ड आले असेल, त्याच्या घरी ते दागिन्यासारखे जपून ठेवलेले असते.

स्फूर्ती केव्हा येईल याची वाट पाहत बसणारे कलावंत असतात. नंदलालांची रीत निराळी होती. ते रोज पाहत आणि रोज काढीत. हात थांबला की डोळेही आळसावतात, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांची शिकवण्याची पद्धतही याच धर्तीची होती. कलाभवनात घोकंपट्टीला स्थान नव्हते. विद्यार्थी गुरुजींबरोबर सहलीस जात, झाडाखाली बसून काम करीत, उत्सव आला की जमिनीवर अल्पना, म्हणजे बंगाली रांगोळी, काढीत, मातीच्या भिंती चित्रांनी आणि उठावाच्या आकृतींनी सजवीत. चित्रपटांमुळे पुढे जगभर प्रसिद्ध झालेले सत्यजित राय हे काही काळ तेथे विद्यार्थी होते. झाड कसे काढावे, याविषयी मास्टरमोशायांनी दिलेला धडा त्यांनी सांगून ठेवला आहे. झाड जमिनीतून वर वाढते, म्हणून कुंचलाही बुंध्यापासून वर न्यावा. शेंड्यापासून खाली ओढू नये. ऐकावयास ही गोष्ट लहान वाटते. पण हा धडा घेतलेला मुलगा झाडाकडे पुन्हा एकदा नीट पाहिल्याशिवाय राहणार नाही. रामकिंकर बैज हे शिल्पकार आणि दृष्टी अतिशय अधू असूनही थोर भित्तिचित्रकार झालेले विनोदबिहारी मुखर्जी हे याच कलाभवनात घडले. आपले मराठी भाषक विनायक मासोजी हेही तेथे शिकले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. एकाच गुरूच्या हाताखाली इतकी माणसे शिकली, पण एकाचे काम दुसऱ्यासारखे दिसत नाही.

मुलांसाठी केलेले कामही नंदलालांनी हलके मानले नाही. रवींद्रनाथांनी बंगाली मुलांसाठी ‘सहज पाठ’ नावाचे पहिले वाचनपुस्तक लिहिले. १९३० मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे नंदलालांची. लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून त्याचा ठसा कागदावर उमटवायचा, अशा पद्धतीने ती केलेली आहेत. काळा आणि पांढरा, एवढे दोनच रंग. याच वर्षी याच पद्धतीने त्यांनी आणखी एक चित्र केले. मिठाचा कायदा मोडण्यासाठी दांडीला निघालेले गांधीजी, हातात काठी, पाऊल पुढे टाकलेले. चित्रात गर्दी नाही, समुद्र नाही, शिपाई नाहीत. फक्त चालणारा एक म्हातारा मनुष्य. दांडीयात्रेची हजारो छायाचित्रे आणि वर्णने असतील. तरी ती यात्रा म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हाच ठसा येतो.

आता १९३६ सालातील त्या वर्ध्याच्या भेटीकडे वळू.

काँग्रेसची अधिवेशने तोपर्यंत मोठ्या शहरांत भरत आली होती. त्या वर्षाचे डिसेंबरातील अधिवेशन एखाद्या खेड्यात भरवावे असे ठरले आणि पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूर हे गाव त्यासाठी निवडण्यात आले. खानदेशातील कार्यकर्ते कामाला लागले. साने गुरुजी गावोगाव हिंडून लोकांना जागे करू लागले. राष्ट्राचे मोठमोठे पुढारी आणि हजारो शेतकरी जेथे जमणार, ती नगरी कशी असावी? गांधीजींच्या मनात असे होते की, शहरातून तंबू, कनाती आणि चकचकीत सामान आणून खेड्यात शहर उभे करू नये. नगरी खेड्याच्याच वस्तूंची असावी, खेड्यातल्याच हातांनी बांधलेली असावी, तिला खर्च थोडा यावा, आणि तरीही ती सुंदर असावी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी साधणे शक्य होते. चौथीसाठी त्यांनी नंदलालांना बोलावले.

नंदलालांनी प्रथम आपली अडचण कळवली. आपण चित्रकार आहोत, इमारती आणि मांडव बांधण्याचे शास्त्र आपणास येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते. कागदावर केलेली चूक फाडून टाकता येते. हजारो लोकांसाठी उभारलेल्या नगरीतली चूक सर्व देश पाहतो. त्यांचे आयुष्यभराचे नाव पणास लागणार होते. गांधीजींनी उत्तर पाठवले त्याचा आशय असा होता की, मला त्या कामातला पंडित नको आहे, मनापासून काम करणारा माणूस हवा आहे. नंदलाल वर्ध्यास आले. गांधीजींनी आपल्या मनातील कल्पना त्यांना समजावून दिली, आणि तिला रूप देण्याचे काम त्यांच्यावर सोपवून ते मोकळे झाले. हाताशी जेमतेम दोन महिने होते.

फैजपूरला नंदलालांनी सभोवार काय मिळते ते आधी पाहिले. बांबू होते. बांबूच्या तट्ट्या होत्या, गवत होते, ओबडधोबड लाकूड होते, दोर होते, खादी होती. आणि या वस्तूंना आकार देणारे सुतार, बुरूड आणि गावकरी होते. बांधकामाची बाजू म्हात्रे या स्थापत्यविशारदांनी सांभाळली. नंदलालांनी बांबू रंगवून त्याचे संगमरवर केले नाही, की तट्टीवर कापड ताणून ती झाकली नाही. बांबूची उभी-आडवी वीण जशी असते तशीच दिसू दिली, आणि तिच्यातूनच नक्षी साधली. अजिंठ्यास पायाखालच्या मातीतून रंग काढणाऱ्या चिताऱ्यांचा धडा त्यांना येथे कामास आला. अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढावयाचा रथ होता. तोही नंदलालांनी सजवला. बैल सजवण्याची हौस आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. पोळ्याच्या दिवशी त्याने घातलेली झूल, शिंगांचे रंग आणि घुंगरांच्या माळा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला कळेल की नंदलालांनी तेथे शेतकऱ्याच्याच कलेला मानाची जागा दिली.

फैजपूरच्या प्रदर्शनाच्या प्रसंगी बोलताना गांधीजींनी या रचनेचे श्रेय नंदलाल आणि म्हात्रे यांना जाहीरपणे दिले. ही नगरी काही दिवसांची होती. अधिवेशन संपले, मांडव उतरले, बांबू ज्याचे त्याने नेले. आज फैजपुरास जाऊन नंदलालांचे काम शोधू म्हटले तर सापडणार नाही.

पुढील अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत सुरत जिल्ह्यातील हरिपुरा या खेड्यात भरले. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष. या वेळी नंदलालांना चित्रे काढावयाची होती, पण कोणासाठी? चित्रे पाहण्यास तिकीट काढून दालनात जाणाऱ्या लोकांसाठी नव्हेत. डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेऊन, धुळीच्या वाटेने चालत येणाऱ्या माणसांना ती जाता येता दिसावयाची होती. ही माणसे चित्रापुढे थांबणार घटकाभर. तेवढ्यात चित्र त्यांच्याशी बोलले पाहिजे.

नंदलालांना यावेळी आपल्या बंगालमधील पटुआ आठवले. पटुआ म्हणजे गावोगाव पट दाखवीत फिरणारे चितारी. आपल्याकडील चित्रकथी त्यांचेच भाऊबंद म्हणावयास हरकत नाही. ठळक रेघ, मोजके रंग, झपाट्याचा हात. नंदलालांनी हातकागद जाड पुठ्ठ्यावर ताणून घेतला, मातीचे रंग कालवले आणि कामास बसले. चित्रांचे विषय त्यांना शोधावे लागले नाहीत. कार्डांवर वर्षानुवर्षे जमा झालेले जग त्यांच्यापाशी होते. ढोल वाजवणारा वादक, रंधा मारणारा सुतार, झुंजणारे मल्ल, धान्य कांडणाऱ्या बाया, शिकारी, मुलाला घेतलेली आई. देवादिकांची आणि राजांची चित्रे काढूनच ज्यांनी कीर्ती मिळवली, त्या नंदलालांनी येथे कष्टकऱ्यांना तोच मान दिला. प्रत्येक आकृतीभोवती त्यांनी देवळाच्या कोनाड्यासारखी कमान काढली. कोनाड्यात आपण देव बसवतो. त्यांनी तेथे सुतार बसवला.

स्वतः नंदलालांनी अशी ऐंशीहून अधिक चित्रे केली. शिष्यांनी त्यांवरून प्रती केल्या आणि मिळून सुमारे ४०० फलक तयार झाले. ते प्रवेशद्वारांवर आणि मंडपांवर लागले. गावकऱ्यांनी वर पाहिले तो त्यांना आपणच दिसलो. या फलकांचे भाग्य फैजपूरच्या बांबूंहून बरे. त्यांतील पुष्कळ मूळ चित्रे पुढे जपली गेली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. हरिपुऱ्याची चित्रे काढताना ती टिकावीत असा हेतू नव्हता, म्हणूनच कदाचित त्यांत इतका मोकळेपणा आला असेल.

बडोद्याच्या कीर्तिमंदिरात मात्र भिंतीवर कायमचे काम करण्याची संधी त्यांना मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावचा एक मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा महाराज झाला, ते हे सयाजीराव गायकवाड. कीर्तिमंदिर त्यांनी उभारले. १९३९ पासून १९४६ पर्यंत, वेळोवेळी तेथे जाऊन, नंदलालांनी शिष्यांच्या मदतीने त्याच्या चार भिंतींवर चित्रे काढली. गंगावतरण, महाभारतातील युद्ध, मीराबाईचे चरित्र आणि रवींद्रनाथांच्या एका नाटकातील प्रसंग असे त्यांचे विषय आहेत. सयाजीराव १९३९ सालीच वारले. पुरी झालेली चित्रे त्यांना पाहता आली नाहीत.

देश स्वतंत्र झाल्यावर राज्यघटनेची हस्तलिखित प्रत तयार करण्याचे ठरले. तिची सुंदर अक्षरे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, आणि पानांची सजावट नंदलाल व त्यांच्या शिष्यांकडे आली. घटनेच्या प्रत्येक भागाच्या आरंभी एक चित्र आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैलापासून त्यांचा प्रारंभ होतो. पुढे रामायण-महाभारतातील प्रसंग, बुद्ध, अशोक, छत्रपती शिवाजी महाराज, झाशीची राणी, दांडीयात्रा असा हा क्रम चालत जातो, आणि हिमालय, वाळवंट व समुद्र हेही त्यात येतात. आपल्या देशाचे कायदे ज्या ग्रंथात आहेत, त्याच्या पानांवर असा बैल आहे, ताठ शिंगांचा आणि भारदस्त वशिंडाचा.

१९५४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. निवृत्तीनंतर ते शांतिनिकेतनातच राहिले. मोठी भित्तिचित्रे काढण्याचे वय राहिले नव्हते. शिडीवर चढणे आता होत नव्हते. तेव्हा ते बसल्या जागी लहान कागदांवर काळ्या शाईने डोंगर, नदी आणि झाडे काढीत. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे उरलेल्या कामात मोठ्या चित्रांपेक्षा ती खिशातली कार्डेच संख्येने अधिक निघाली. हजारोंनी भरणारी ती रेखाटने दिल्लीच्या संग्रहालयाने जपून ठेवली आहेत. त्यांत बकऱ्या आहेत, ताड आहेत, आणि ओझे घेऊन वाटेने चाललेली माणसे आहेत.